जावाहून निसटलेल्या विमानांचा माग

जोधपूरच्या विमानतळाला आज फौजी माणूस हवाई दलाचा तळ म्हणून ओळखतो. पण १९३० च्या दशकात इथे आठवड्याच्या आठवड्याला हॉलंडची विमानं उतरत होती. महाराजा उमेदसिंहांना विमानाचा षौक. त्यांनी धावपट्टी बांधली आणि ॲमस्टरडॅमहून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, जाणाऱ्या केएलएम कंपनीच्या विमानांना वाळवंटात एक मुक्काम मिळाला. कराची, जोधपूर, अलाहाबाद, कलकत्ता, रंगून आणि मग पुढे जावा, असा तो मार्ग होता. जोधपूरच्या पोस्टिंगमध्ये हे कळल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो असा, की १९४२ साली जपानने जावा घेतलं तेव्हा त्या टोकाला असलेल्या विमानांचं काय झालं?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. लढाऊ विमानांची कहाणी लिहिणारे खूप भेटतात. कोणी किती पाडली याचे हिशेब असतात. मालवाहू विमानांचे हिशेब कोणी ठेवत नाही. माझी नोकरी रसदीच्या शाखेत गेली, काही वर्षं हवाई रसदीत, म्हणजे विमानात गोणी भरून डोंगरातल्या चौक्यांवर टाकण्याच्या कामात. त्यामुळे अशा विमानांबद्दल मला जास्त आपुलकी, हे आधीच सांगून टाकतो.

आधी मालक कोण ते समजून घेऊ, नाहीतर पुढचा सगळा गुंता डोक्यावरून जाईल. केएलएम ही हॉलंडची कंपनी, तिच्या विमानांवर 'पीएच' ही अक्षरं. डच ईस्ट इंडीजची, म्हणजे आजच्या इंडोनेशियाची, स्वतंत्र विमान कंपनी होती केएनआयएलएम. तिच्या विमानांवर 'पीके'. तिसरी म्हणजे तिथल्या वसाहतीच्या फौजेची हवाई शाखा, एमएल-केएनआयएल. तिच्याकडे अमेरिकेतून आलेली लॉकहीड लोडस्टार ही दोन इंजिनांची मालवाहू विमानं होती आणि त्यांचे नंबर 'एलटी ९' ने सुरू होत. फौजी विमानांवर नारिंगी त्रिकोणाची खूण असे. १९४२ च्या सुरुवातीला ती बदलून लाल-पांढरा-निळा झेंडा रंगवण्यात आला, कारण घाईत पाहणाऱ्या तोफचीला नारिंगी त्रिकोण आणि जपानचा लाल गोळा यांत फरक करायला वेळ नसतो.

१० मे १९४० ला जर्मनीने हॉलंडवर हल्ला केला आणि मायदेश गेला. केएलएमची जी विमानं त्या वेळी पूर्वेच्या टोकाला होती ती तिथेच राहिली. त्यातली काही पॅलेस्टाइनमधल्या लिड्डापासून जावापर्यंतच्या उरलेल्या मार्गावर उडत राहिली, म्हणजे जोधपूरवरून जाणं-येणं चालूच होतं. काही विमानांवरची 'पीएच' पुसून 'पीके' रंगवलं गेलं. नाव बदलण्याचा सिलसिला इथून सुरू होतो.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि पुढच्या तीन महिन्यांत सगळा नकाशा उलटा झाला. १४ फेब्रुवारी १९४२ ला जपानी छत्रीधारी सैनिक सुमात्रातल्या पालेमबांगच्या तेलाच्या कारखान्यांवर उतरले. ते ज्या विमानांतून आले त्यातली काही मूळच्या लॉकहीड नमुन्याचीच होती, कारण युद्धाआधी जपानने त्याचा परवाना विकत घेऊन ती घरी बांधली होती. दुसऱ्या दिवशी सिंगापूर पडलं. १९ तारखेला ऑस्ट्रेलियाच्या डार्विन बंदरावर बॉम्ब पडले. त्याच सुमारास बाली आणि तिमोरही गेले. जावाहून ऑस्ट्रेलियाला जाणारी विमानं बेटाबेटांवर थांबत, तेल घेत डार्विनला जात असत. ती साखळीच तुटली. उरला एकच रस्ता. जावातल्या बांडुंगहून निघायचं आणि सरळ समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ब्रूम या मोत्यांच्या गावी उतरायचं. सुमारे दोन हजार किलोमीटर, रात्रीचं उड्डाण, खाली पाणी आणि मध्ये थांबा नाही.

रसदीच्या माणसाला ठाऊक असतं की माघार घेताना मालवाहू विमानाची किंमत दसपट वाढते. चढाईत ते नसलं तर काम उशिरा होतं, पण माघारीत एका जागेचा अर्थ एक माणूस असतो. लोडस्टारमध्ये आणि डीसी-३ मध्ये मोजून माणसं मावतात. मग कोणाला बसवायचं? वैमानिक आणि तंत्रज्ञ आधी, कारण पुढची लढाई त्यांच्याशिवाय होणार नाही. मग काही अधिकारी, काही बायका-मुलं. गव्हर्नर जनरल आणि सेनापती टेर पोर्टन जावातच राहिले, तर व्हान मूक या वरिष्ठ अधिकाऱ्याला बाहेर पाठवलं गेलं, कारण बाहेरून सरकार चालवायला कोणीतरी हवं होतं. फौजेतले बहुसंख्य शिपाई जावा, अंबोन, मेनाडोचे. त्यांच्यासाठी जागेचा प्रश्न कोणी विचारलाही नसेल.

३ मार्च १९४२ ची पहाट या साऱ्या कहाणीचा मध्यबिंदू आहे. रात्री बांडुंगहून 'पीके-एएफव्ही' हे डीसी-३ निघालं. हे विमान पूर्वी केएलएमचं 'पीएच-एएलपी', नाव 'पेलिकान'. इथे माग काढणाऱ्याने सावध राहायला हवं, कारण 'पेलिकान' नावाचं केएलएमचं आणखी एक विमान होतं. तिघा इंजिनांचं ते फोकर १९३३ च्या नाताळात टपाल घेऊन विक्रमी वेळात ॲमस्टरडॅमहून बटाव्हियाला गेलं आणि परतलं होतं. गंमत म्हणजे दोन्ही 'पेलिकान'चा वैमानिक एकच, इव्हान स्मिर्नॉफ. जन्माने रशियन, पहिल्या महायुद्धातला नावाजलेला लढाऊ वैमानिक आणि नंतर केएलएमचा जुना जाणता कॅप्टन. फक्त नावावर विसंबलं तर दोन विमानांची एक कहाणी होऊन जाते.

विमानात वैमानिकासह बारा जण होते, त्यात एक तान्हं मूल. निघताना स्मिर्नॉफच्या हातात एक सीलबंद पुडकं देण्यात आलं. त्यात काय आहे हे त्याला सांगितलं नव्हतं. ऑस्ट्रेलियाचा किनारा दिसला तेव्हा ब्रूमच्या दिशेने धूर उठत होता.

ब्रूमवर तिमोरच्या कुपांगहून आलेल्या नऊ झीरो विमानांनी हल्ला केला होता. रोबक उपसागरात पाण्यावर उतरणारी विमानं नांगर टाकून उभी होती. रात्री जावाहून आलेली माणसं त्यांतच बसून होती, कारण ओहोटी होती आणि किनारा लांब होता. ब्रूमला एकही लढाऊ विमान नव्हतं. किमान ८८ माणसं मेली, त्यात डच बायका-मुलं पुष्कळ. पंधरा समुद्री विमानं जळाली. धावपट्टीवर उभी असलेली विमानंही गेली, त्यांत डच लोडस्टार होतं. त्या सकाळी निर्वासित घेऊन उतरलेला गुस विंकेल हा डच लेफ्टनंट विमानातली मशीनगन काढून, तिची नळी स्वतःच्या हातावर टेकवून झीरोंवर गोळ्या झाडत राहिला. तापलेल्या नळीने त्याचा हात भाजला. एक झीरो पाडल्याचं श्रेय त्याला मिळालं. ब्रूममध्ये त्या दिवशी शत्रूला जो काही प्रतिकार झाला तो मुख्यतः एका मालवाहू विमानाच्या चालकाकडून झाला, हे मला नोंदवावंसं वाटतं.

परतीच्या वाटेवर त्यातल्या तीन झीरोंना स्मिर्नॉफचं डीसी-३ दिसलं. गोळ्या लागून तो जखमी झाला, डावं इंजिन पेटलं. त्याने विमान गोल गोल फिरवत खाली आणलं, कार्नो उपसागराच्या वाळूवर उतरवलं आणि तसंच लाटांमध्ये घुसवलं, त्यामुळे आग विझली. तरी झीरो गोळीबार करतच राहिले. पुढच्या दिवसांत चार जण दगावले, त्यात ते मूल आणि त्याची आई. पाणी नव्हतं, आडवळणी किनारा. बीगल बे इथल्या मिशनमधून मदत पोहोचेपर्यंत उरलेले तिथेच तग धरून होते.

पुडक्यात हिरे होते. ते लाटांत हरवलं, किनाऱ्यावर फिरणाऱ्या एका माणसाला सापडलं, त्यातले थोडे सरकारजमा झाले, खटला चालला आणि आरोपी सुटले. आजही या विमानाचं नाव काढलं की लोक हिऱ्यांबद्दल बोलतात. कोणी किती हिरे गिळंकृत केले यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. त्या वाळूत पुरलेल्या चौघांवर त्या मानाने फार थोडं.

बांडुंगचा अंदिर विमानतळ रोज बॉम्बखाली होता. शेवटी शहराच्या दक्षिणेला बुआबातू रस्त्याचा एक सरळ तुकडा धावपट्टी म्हणून वापरला गेला आणि शेवटची विमानं त्या रस्त्यावरून रात्री उडाली. ८ मार्चला कालिजाती तळावर डचांनी शरणागती पत्करली. सुमारे ४२ हजार डच सैनिक युद्धकैदी झाले आणि लाखाच्या आसपास नागरिक छावण्यांत गेले. कैद्यांतले हजारो पुढे ब्रह्मदेशच्या रेल्वेवर राबले. विमानांच्या यादीत या माणसांचा उल्लेख येत नाही, पण यादी वाचताना ती डोळ्यांसमोर असावीत.

आता ऑस्ट्रेलियात पोहोचलेल्यांकडे वळू. मे १९४२ मध्ये केएनआयएलएमची निसटून आलेली दहा-अकरा विमानं अमेरिकी सरकारने विकत घेतली. जनरल मॅकआर्थरकडे त्या वेळी माणसं होती, बंदुका येत होत्या, पण माल हलवायला विमानं जवळजवळ नव्हती. ऑस्ट्रेलियात 'दोस्तांचं हवाई वाहतूक संचालनालय' उभं राहिलं. त्याचा प्रमुख हॅरॉल्ड गॅटी, टास्मानियाचा दिशादर्शक, ज्याने १९३१ मध्ये वायली पोस्टबरोबर विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. त्याच्या हाताखाली जे जे उडेल ते गोळा झालं. डच विमान कंपनीची प्रवासी विमानं, डच फौजेची काही लोडस्टार, फिलिपाइन्समधून हुकलेली, वाटेत अडकलेली अमेरिकी विमानं. यातूनच अमेरिकी हवाई फौजेच्या एकविसाव्या आणि बाविसाव्या वाहतूक स्क्वाड्रन बनल्या.

माग काढणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. 'पीके' पुसलं गेलं. ऑस्ट्रेलियाच्या नागरी विमान खात्याने रेडिओवर हाक मारण्यासाठी प्रत्येक विमानाला 'व्हीएचसी'ने सुरू होणारी अक्षरं दिली आणि तीच अंगावर रंगवली गेली. अमेरिकी फौजेचा नंबर बऱ्याच विमानांना खूप उशिरा, कागद पूर्ण करायचे म्हणून मिळाला. आपल्याकडे फौजी गाडीच्या बीए नंबरात बाणापुढचे दोन आकडे गाडी कोणत्या सालची ते सांगतात. अमेरिकी विमानाच्या नंबरातही पहिले आकडे सालाचे असतात. केएनआयएलएमच्या तीन डीसी-५ विमानांना ४४-८३२३० ते ४४-८३२३२ हे नंबर मिळाले. नंबर पाहणारा म्हणेल, १९४४ ची विमानं. प्रत्यक्षात डीसी-५ पहिल्यांदा उडालं फेब्रुवारी १९३९ मध्ये, सगळी मिळून बनली फक्त बारा, आणि ही तीन १९४२ मध्येच जावाहून पळून आलेली. कागदावर त्यांचा जन्म सुटकेनंतर दोन वर्षांनी झाला!

मग धरायचं काय? कारखान्याने बसवलेल्या पट्टीवरचा अनुक्रमांक. जसा गाडीचा चासी नंबर. मालक बदलो, रंग बदलो, देश बदलो, ती पट्टी तीच राहते. तो आकडा खुंटीसारखा रोवायचा आणि बाकी सगळं त्याला बांधत जायचं. वैमानिकांची लॉगबुकं, खात्याच्या हाक-अक्षरांच्या याद्या, अपघातांचे अहवाल आणि फोटो. फोटो तर फार बोलके. घाईने लावलेल्या रंगाखालून जुनी अक्षरं डोकावत असतात. लॉगबुक हे वैमानिकाचं असतं, त्यात तारीख आणि वेळ बिनचूक, पण विमानाची अक्षरं कधी नवी, कधी सवयीने जुनी. एकच पुरावा खरा मानून कधी चालत नाही, दोन जुळले की मगच गाठ मारायची.

या विमानांनी पुढे काय केलं, ते पाहायला न्यू गिनीत जावं लागेल. जुलै १९४२ मध्ये जपानी फौज उत्तर किनाऱ्यावर उतरून ओवेन स्टॅन्ली डोंगररांग ओलांडायला निघाली. समोर ऑस्ट्रेलियन तुकड्या, मध्ये कोकोडाची पायवाट, चिखल, जंगल. एका हमालाने उचललेल्या धान्यातलं बरंचसं तो स्वतःच वाटेत खातो, हे रसदीचं जुनं गणित. काही दिवसांच्या चालीनंतर पुढे पोहोचवायला फारसं काही उरत नाही. म्हणून मायोला नावाच्या कोरड्या तळ्याच्या मैदानावर विमानातून माल टाकायला सुरुवात झाली. पॅराशूट नव्हत्या. मग एका गोणीभोवती दुसरी मोठी, ढिली गोण. आपटल्यावर आतली फुटली तरी दाणे बाहेरच्या गोणीत राहतात. आम्ही ईशान्येच्या डोंगरांत हेच करत होतो. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना दाराशी बांधून घेऊन उभं राहणं, वैमानिकाच्या घंटीची वाट पाहणं आणि एका फेरीत जेमतेम चार-पाच गोणी ढकलणं काय असतं ते सांगायला नको. डच प्रवाशांना गादीच्या खुर्चीवर बसवून जावाभर फिरवणाऱ्या जातीची विमानं आता खुर्च्या काढून, दरवाजे काढून, तांदूळ आणि बिस्किटं वाहत होती.

१७ ऑगस्टला जपान्यांनी पोर्ट मोर्सबीच्या धावपट्टीवर ओळीने उभ्या असलेल्या मालवाहू विमानांवर बॉम्ब टाकले. काही जळाली, काही निकामी झाली आणि डोंगरातल्या सैनिकांचा घास तुटला. मोजकीच विमानं असली की चार जळण्याचा अर्थ काय, हे त्या आठवड्यात पुढच्या तुकड्यांना पोटाने कळलं. त्यात भर सुट्या भागांची. एकाच तळावर लॉकहीड १४, लोडस्टार, डीसी-२, डीसी-३ आणि डीसी-५, प्रत्येकाचा नट-बोल्ट वेगळा. डीसी-५ चा सुटा भाग हवा तर दुसरं डीसी-५ उघडण्याशिवाय उपाय नाही. नोव्हेंबर १९४२ मध्ये ३७४ वा ट्रूप कॅरियर ग्रुप उभा राहिला आणि नवी सी-४७ विमानं येऊ लागली, तोवर या भंगाराने मोर्चा धरून ठेवला होता. मला या कहाणीतून दिसतं ते हे: जावाहून निसटलेली विमानं मोजकी होती, पण जिथे काहीच नव्हतं तिथे पोहोचली, म्हणून त्यांचं वजन त्यांच्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त पडलं.

डीसी-५ च्या चार भावंडांची वाटणी तर पाहण्यासारखी आहे. चौथं, 'पीके-एडीए', बटाव्हियाच्या केमायोरान विमानतळावर फेब्रुवारीत बॉम्बने जखमी झालं आणि मागे राहिलं. जपान्यांनी ते दुरुस्त करून जपानला नेलं, ताचिकावाला तपासलं आणि वापरलं. म्हणजे एकाच मालकाची विमानं युद्धात दोन्ही बाजूंनी उडत होती. निसटलेल्या तिघांपैकी 'पीके-एडीडी' युद्धात 'व्हीएच-सीएक्ससी' झालं, युद्धानंतर ऑस्ट्रेलियात 'व्हीएच-एआरडी'. १९४८ मध्ये ते गुपचूप इस्राएलला पोहोचलं. तिथे दारातून हाताने बॉम्ब ढकलायला त्याचा उपयोग झाला असं सांगतात, काही संशोधकांना ते मान्य नाही. अखेर ते हैफातल्या विमानविद्येच्या शाळेत मुलांना शिकवण्यासाठी उभं राहिलं. हॉलंडच्या कंपनीसाठी बनलेलं विमान डच वसाहत, अमेरिकी फौज, ऑस्ट्रेलिया आणि इस्राएल असा प्रवास करून शाळेत गेलं.

आपल्या देशाचाही या कहाणीशी धागा आहे. डचांनी अमेरिकेकडे मागवलेली मिचेल बॉम्बफेक विमानं जावाला निघाली तेव्हा काही भारतमार्गे येत होती. जावा पडल्याने ती बेंगळुरूलाच अडकली. पाच विमानं ब्रिटिश हवाई दलाने घेतली, त्यांत कॅमेरे बसवले आणि ब्रह्मदेशावर फोटो काढण्याच्या कामाला लावली. पुढे जी ६८१ वी स्क्वाड्रन म्हणून ओळखली गेली तिच्या ताफ्यात ती होती. बॉम्ब टाकायला निघालेलं विमान फोटो काढत राहिलं.

कहाणीचा शेवट मात्र गोड नाही. ऑस्ट्रेलियात उभ्या राहिलेल्या डच स्क्वाड्रन युद्धानंतर जावाला परतल्या, पण तो देश आता सुकार्नो आणि हत्ता यांनी १७ ऑगस्ट १९४५ ला स्वतंत्र घोषित केलेला होता. १९४२ मध्ये हल्लेखोराच्या तावडीतून सुटलेलं हवाई दल १९४७ मध्ये स्वतः हल्लेखोर म्हणून उडत होतं. २९ जुलै १९४७ ला दोन डच किटीहॉकनी योग्यकर्ताजवळ 'व्हीटी-सीएलए' हे डकोटा पाडलं. 'व्हीटी' म्हणजे भारताची अक्षरं. ओडिशाच्या बिजू पटनाईक यांच्या मालकीचं ते विमान, आत रेडक्रॉसची औषधं. आठ माणसं मेली. त्यात इंडोनेशियाच्या हवाई दलाचे आद्य पुरुष आदिसुचिप्तो आणि अब्दुलरहमान सालेह होते. तिथे हा दिवस आजही हवाई दल पाळतं. डिसेंबर १९४८ मध्ये डचांनी पुन्हा हल्ला केला तेव्हा भारताने केएलएमला आपलं आकाश बंद केलं.

विमानाच्या अंगावरची अक्षरं हे मालकांचं चरित्र असतं. आत बसलेल्यांची नावं तिथे लिहिलेली नसतात, ती वेगळी शोधावी लागतात. ब्रूमला मोठ्या ओहोटीच्या दिवसांत आजही रोबक उपसागराच्या चिखलातून त्या विमानांचे सांगाडे वर येतात आणि लोक चालत जाऊन ते पाहतात. तिथे मेलेले डच आता पर्थच्या कराकट्टा दफनभूमीत आहेत. कोणाचा ऑस्ट्रेलियाला जाण्याचा योग आला, तर दोन्ही जागा पाहाव्यात. सांगाडे आधी पाहिलेत तरी चालेल, पण कबरींवरची नावं वाचल्याशिवाय परत येऊ नका.